सरावाचा कागद

सुलेखन शिकायला निघालेला माणूस निबांविषयी भरभरून बोलतो, शाईच्या बाटल्या हौसेने जमवतो आणि कागदाचा विषय निघाला की ‘सरावालाच तर हवाय, कोणताही चालेल’ असे म्हणून मोकळा होतो. याच्या उलट टोकाचीही माणसे असतात. ती पहिल्याच आठवड्यात जाड, दुधाळ रंगाचा, सुंदर हातकागद आणून ठेवतात आणि मग त्याला हात लावायला धजत नाहीत. मला ही दोन्ही टोके सारखीच नुकसानीची वाटतात, कारण सरावाच्या कागदाने नेमके काय करायचे असते, हा प्रश्न दोन्हीकडे विचारायचाच राहून जातो. माझ्या मते त्याने खरे बोलायचे असते. रेघ बिघडली तर ती हातामुळे बिघडली की कागदामुळे, हे शिकणाऱ्याला तिथल्या तिथे कळले पाहिजे. बेसूर तंबोऱ्यावर गळ्याची पारख होत नाही, तशी शाई फुटणाऱ्या कागदावर हाताची पारख होत नाही.

शाई का फुटते, हे एकदा समजून घेतले की कागद निवडणे पुष्कळ सोपे जाते. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची, पाण्यातून गाळून दाबून वाळवलेली जाळी. हे तंतू आणि त्यांच्यामधल्या सूक्ष्म फटी पाणी ओढून घेतात. टीपकागदाचे सगळे काम याच गुणावर चालते, कारण त्याला खळ दिलेली नसते. लिहिण्याच्या कागदाला मात्र खळ द्यावीच लागते. पूर्वी ती जिलेटिनची किंवा स्टार्चची असे, एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतून राळ आणि तुरटी यांची जोडी रुळली आणि आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम रसायने लगद्यातच मिसळून वरून स्टार्चचा पातळ थर देतात. खळ पुरेशी आणि सगळीकडे सारखी बसलेली असेल, तर शाई पृष्ठभागावर थांबते आणि स्वच्छ कड धरून वाळते. ती अपुरी असेल, तर शाई ज्या दिशेने तंतू जाईल त्या दिशेने पळत सुटते.

छोटे भिंग जवळ असेल तर हे सगळे प्रत्यक्ष पाहता येते आणि शिकणाऱ्याने ते एकदा तरी पाहावेच. निबची बारीक कड वापरून एक तिरकी रेघ ओढावी आणि लगेच तिच्यावर भिंग धरावे. पहिल्या क्षणी रेघ ओली, चकाकती आणि दोन्ही बाजूंनी नीट बांधलेली दिसते. मग चकाकी विरू लागते आणि कडांमधून बारीक बारीक फाटे बाहेर पडतात. जिथे एखादा लांब तंतू रेघेला आडवा पडलेला असतो, तिथला फाटा इतरांपेक्षा दूरवर जातो. हेच फाटे जाड रेघेलाही फुटतात, पण तिच्या रुंदीपुढे ते डोळ्यांत भरत नाहीत. परिणाम असा होतो की जाड रेघ जवळजवळ जशीच्या तशी राहते, बारीक रेघ मात्र दुपटीने फुगते आणि ज्या जाड-बारीकपणावर अक्षराचे सारे सौंदर्य उभे असते, तोच निघून जातो. शिकणारा मात्र आपला निबचा कोन चुकला असे समजून, मुळात बरोबर असलेला कोन बदलत बसतो. या उपद्व्यापात गेलेले दिवस कोणी मोजत नाही.

देवनागरी लिहिणाऱ्यांना याचा फटका आणखी एका ठिकाणी बसतो. दांडा शिरोरेषेला मिळतो त्या कोपऱ्यात ओल्या शाईला ओली शाई भेटते आणि तिथे क्षणभर तिचा थेंब साठतो. खळ चांगली असेल तर हा थेंब जागीच वाळतो आणि कोपरा काटकोनात राहतो. नसेल तर तो बगलेत पसरतो आणि प्रत्येक दांड्याच्या माथ्याशी एक काळी गाठ दिसू लागते. ‘ब’ आणि ‘ष’ यांच्या पोटातली तिरकी रेघ ही दुसरी कसोटी. रुंद निबने मोठे अक्षर काढले तर ती पोकळी निभावून जाते, पण लहान आकारात दोन्ही बाजूंनी शाई सरकते आणि पोट बुजते. कागद पारखायचा असेल तर मी सुंदर शब्द लिहीत बसत नाही. एक लांब शिरोरेषा, तिच्याखाली ओळीने दांडे आणि काही लहान ‘ष’ एवढ्यावर निकाल लागतो.

इथे तीन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. शाई कडेने फुटणे, शाई कागद भेदून पाठीमागे उतरणे आणि लिहिलेले मागून केवळ दिसणे, हे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिला सरावाला मारक आहे. दुसरा बहुधा पहिल्याच्या सोबतीने येतो आणि शिवाय खालचा कागद खराब करतो. तिसरा मात्र दोष नाहीच. तो फक्त कागदाच्या पारदर्शकतेचा पुरावा आहे आणि या पारदर्शकतेचा उपयोग कसा होतो ते पुढे येईलच.

कागदाची चौकशी केली की पहिला आकडा कानावर पडतो तो जीएसएमचा आणि जितका तो मोठा तितका कागद चांगला अशी समजूत सर्वत्र दिसते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, त्यापलीकडे काही नाही. ए-फोर आकाराचा ताव एक चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून ८० जीएसएमच्या एका तावाचे वजन ५ ग्रॅम आणि अशा ५०० तावांच्या रीमचे अडीच किलो भरते. या हिशेबात खळीचा उल्लेख कुठेच नाही. तोमोए रिव्हर हा जपानी कागद ५२ जीएसएमचा, म्हणजे हातात धरला तर कुरकुरणारा आणि जवळजवळ आरपार दिसणारा. तरीही फाउंटन पेनची शाई त्याच्यावर कड सोडत नाही, म्हणून तो लिहिणाऱ्यांमध्ये नावाजला गेला. उलट, त्याच्या चौपट वजनाच्या, पण खळ न दिलेल्या हातकागदावर तीच शाई बघता बघता पसरते. वजनाने कागद सुरकुततो किती, मागे दिसते किती आणि हाताळताना तो तग किती धरतो, एवढेच कळते. शाईशी तो कसा वागेल, हे वजन सांगत नाही.

सर्वांच्या हाताशी असतो तो झेरॉक्सचा कागद. तो कोरड्या टोनरसाठी बनवलेला असतो, दौतीत बुडवलेल्या टाकासाठी नव्हे, त्यामुळे त्याच्याकडून फार अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तरी त्यातही फरक असतात. रंगीत लेझर छपाईसाठी काढलेला ९० ते १२० जीएसएमचा गुळगुळीत कागद बहुतेक वेळा साध्या ७० किंवा ७५ जीएसएमच्या कागदापेक्षा खूपच शहाणा निघतो. नेहमी तसे होईलच असे नाही, कारण एकाच नावाच्या दोन रिमी वेगळ्या वागू शकतात. म्हणून वेष्टनावरच्या मजकुरापेक्षा एक ताव मागून त्यावर स्वतःच्या शाईने रेघ ओढून पाहणे हाच खरा मार्ग. शाईचा भाग यात मोठा आहे. रंग पूर्णपणे विरघळलेली फाउंटन पेनची पातळ शाई तंतूंबरोबर सहज वाहत जाते. काजळीचे कण गोंदाने धरून ठेवलेली चिनी किंवा जपानी शाई त्याच कागदावर पुष्कळदा जागेवर राहते. फुटणाऱ्या शाईत बाभळीच्या डिंकाचे थोडे पाणी मिसळले तर ती दाट होऊन आवरते, हा जुना उपाय टाकाने लिहिणाऱ्यांना उपयोगी पडतो. फाउंटन पेनात मात्र डिंक घालू नये, तो आत वाळून पेन बंद पाडतो.

आता साधनाकडे वळू, कारण कागद साधन पाहूनच निवडायचा असतो. रुंद कडेच्या निबला आणि बोरूला कागदाची थोडीशी पकड आवडते. कागद अगदी निसरडा असेल तर कड घसरते आणि रेघेचा शेवट हवा तिथे थांबत नाही. किंचित खरखर असेल तर हाताला आपण कुठे आहोत हे जाणवत राहते. टोकदार, लवचीक निबचे सगळे याच्या उलट. दाब दिला की तिची दोन टोके फाकतात, खाली येणारी रेघ रुंद होते, आणि वर जाताना ती टोके मिटून बारीक रेघ निघते. ही वर जाणारी रेघच कागदाचा कस पाहते. पृष्ठभागावर एखादा तंतू सुटा असेल तर मिटलेली टोके त्याच्यात अडकतात, निब तटकन सुटते आणि शाईचे शिंतोडे चहूकडे उडतात. त्यात तो तंतू निबच्या चिरेत बसला, तर पुढच्या सगळ्या रेघा जाड आणि केसाळ येतात. अशा वेळी हात तपासण्याआधी निबचे टोक तपासावे. चित्रकलेचा कार्ट्रिज पेपर पेन्सिलीसाठी मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो, म्हणून टोकदार निबच्या सरावाला तो मी कोणाला सुचवत नाही, जरी त्याच्या जाडीमुळे तो ‘चांगला कागद’ म्हणून पुढे केला जातो. ब्रश पेनचे टोक फेल्टचे असेल तर खरखरीत कागद ते हळूहळू कुरतडतो आणि टोक झिजून फाटले की ते पुन्हा नीट होत नाही; तिथे गुळगुळीतपणा ही चैन नसून काटकसर आहे.

पण गुळगुळीतपणाचीही हद्द असते. मासिकांच्या छपाईचा चकचकीत आर्ट पेपर पाहून पुष्कळांना मोह होतो. त्याच्यावर खनिजाचा लेप असतो. शाई आत शिरत नाही, वर तरंगत राहते, उशिरा वाळते आणि तळहाताच्या एका स्पर्शाने पुसटते. माझी तक्रार त्याहून वेगळी आहे. असा कागद कड इतकी नेटकी दाखवतो की हाताचा थरथराट काही वेळा शाईच्या साचलेल्या थेंबाखाली झाकला जातो आणि शिकणारा स्वतःवर खूश होतो. फुटणारा कागद नसलेले दोष दाखवतो आणि निसरडा लेपाचा कागद असलेले लपवतो. सरावाला मला दुसराच अधिक धोक्याचा वाटतो, कारण त्याच्याविरुद्ध कोणी तक्रार करत नाही.

‘शाई पसरणे म्हणजे दोष’ हेही सगळीकडे खरे नाही, याची जाणीव ठेवावी. चीनमधल्या शुआन कागदाचे दोन मुख्य प्रकार आहेत, एक कच्चा आणि एक तुरटीच्या संस्काराने पक्का केलेला. कच्चा कागद शाई झटकन पितो, आणि कुंचला कुठे रेंगाळला, कुठे वेगाने गेला, कुठे कोरडा पडला, हे सारे तो नोंदवून ठेवतो. तिथे शाईचे पसरणे हीच लिहिणाऱ्याच्या गतीची खूण असते. तरीही नवशिक्याच्या हाती सहसा आधी बांबूच्या तंतूंचा, पिवळसर, बेताने शाई पिणारा साधा कागद देतात आणि त्याच्यावर अक्षर बसवण्यासाठी चौकटी आखलेल्या असतात. इस्लामी सुलेखनाच्या परंपरेत नेमकी उलट वाट होती. कागदाला स्टार्च, किंवा तुरटी मिसळलेला अंड्याचा पांढरा बलक लावायचा, तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा आणि बराच काळ तसाच मुरू द्यायचा. अशा कागदावर काजळीची शाई वरच्या वर बसते, म्हणून चुकलेला भाग ओल्या बोटाने पुसून पुन्हा लिहिता येतो. चामड्यावर लिहिणारे युरोपातले लेखक पृष्ठभागावर सँडरॅक नावाच्या राळेची पूड चोळत, म्हणजे शाई पसरत नसे आणि बारीक रेघ धारदार उमटे. कागद जसा मिळाला तसा सहन करावा, असे या लोकांनी मानले नाही. आपल्या लिपीला आणि लेखणीला लागेल तसा पृष्ठभाग त्यांनी घडवून घेतला.

इराणमधला ‘सियाह मश्क’ हा प्रकार तर थेट सरावातून उगवलेला आहे. नस्तालीक हे फारसी लिपीचे वळण लिहिणारे एकाच तावावर तीच अक्षरे आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा, उलटसुलट, एकमेकांवर लिहीत जात, इतके की पांढरा भाग जवळजवळ उरत नसे. एकोणिसाव्या शतकातल्या काजार राजवटीत असे काळवंडलेले ताव स्वतंत्र कलाकृती म्हणून लिहिले जाऊ लागले, आणि मिर्झा गुलामरेझा इस्फहानी यांचे नाव त्यात आवर्जून घेतले जाते. ते ताव पाहताना मला वाटते ते असे की तिथे कागदाची भीती कुठेच शिल्लक नाही.

ही भीती ही काल्पनिक गोष्ट नव्हे. महागाचा ताव समोर असला की हात आखडतो, पेन घट्ट धरला जातो, श्वास रोखला जातो, आणि जी रेघ साध्या कागदावर सहज आली असती ती दबकत दबकत येते. अक्षरांना गती लागते, आणि ताव वाया जाईल या धास्तीत गती येत नाही. म्हणून सरावाचा कागद, तो कितीही चांगला असला तरी, भरून टाकताना जीव तुटू नये इतपत स्वस्त असला पाहिजे. पण म्हणून पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सराव करण्याचा जो काटकसरी सल्ला दिला जातो, तोही मला सर्वस्वी पटत नाही. हात मोकळा करण्यासाठी, नवी निब चालवून पाहण्यासाठी, शाई वाहती करण्यासाठी पाठकोरे ताव उत्तम. खऱ्या सरावाला ते अपुरे पडतात, कारण मागची छपाई मधून डोकावत असते, प्रत्येक ताव वेगळ्या जातीचा असतो आणि ‘हा तर टाकायचाच आहे’ असे म्हणत लिहिलेल्या ओळीत मन पूर्ण नसते. काल आणि आज यांची तुलना व्हायची तर दोन्ही दिवसांचा कागद एकच हवा. म्हणून एक कागद पारखून पसंत केला की त्याची रीमच घ्यावी, आणि ती संपेपर्यंत दुसऱ्याच्या नादी लागू नये.

ओळी कशा आखायच्या, हा प्रश्नही कागदाशीच बांधलेला आहे. रुंद निबच्या लेखनात अक्षराची उंची निबच्या रुंदीत मोजतात. ब्रिटिश सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन (१८७२–१९४४) यांनी दहाव्या शतकातल्या इंग्लिश हस्तलिखितावरून बसवलेल्या ‘फाउंडेशनल’ वळणात लहान अक्षरांची उंची निबच्या चौपट धरतात. देवनागरीच्या वळणांनाही असेच प्रमाण ठरवून घ्यावे लागते. निब बदलली की ओळी बदलतात, आणि दर वेळी पट्टीने आखत बसले तर निम्मा वेळ त्यातच जातो. छापील ओळींचे ताव सोयीचे वाटतात, पण त्यात एक मेख आहे. लेझरच्या टोनरमध्ये प्लास्टिक असते. पाण्याची शाई त्याला नीट चिकटत नाही, आणि गडद छापलेल्या रेघेवर अक्षराला बारीक खाच पडलेली दिसते. इंकजेटने छापलेली रेघ बहुधा ओल्या शाईत विरघळून तिच्यात मिसळते. छापायच्याच असतील तर ओळी शक्य तितक्या फिक्या करड्या आणि बारीक छापाव्यात. त्यापेक्षा मला जुनी रीत बरी वाटते: जाड काळ्या रेघांचा एकच तक्ता तयार करून तो सरावाच्या कोऱ्या तावाखाली ठेवायचा. इथे मघाची पारदर्शकता कामी येते. ७० ते ९० जीएसएमच्या पांढऱ्या कागदातून खालच्या रेघा पुरेशा दिसतात. १२० जीएसएमला खालून दिवा लागतो. म्हणजे जड कागदाची जी प्रतिष्ठा सांगितली जाते, ती सरावाच्या टेबलावर उलट अडचणीचीच ठरते.

चांगला कागदही वाईट वागू शकतो. यंत्रावर बनलेल्या कागदाच्या दोन बाजू पुष्कळदा सारख्या नसतात, म्हणून एखादा ताव अडतो आहे असे वाटले तर आधी तो उलटून पाहावा. तळहाताचा घाम आणि तेल कागदाच्या खालच्या भागाला लागत राहते. वरच्या ओळी नेटक्या आणि खालच्या तुटक आल्या तर त्याचे खापर शाईवर फोडण्यापूर्वी हाताखाली एक वेगळा ताव धरावा. दमट हवेत कागद ओल धरतो, मऊ पडतो आणि एरवी निमूट वागणारी शाईही त्यावर पसरू लागते. गठ्ठा बंद पिशवीत ठेवणे याच्याइतका सोपा उपाय नाही. कडक टेबलावर एकटा ताव ठेवून लिहिण्यापेक्षा त्याखाली चारसहा ताव असावेत, म्हणजे निबची कड सगळीकडून सारखी टेकते. आम्लमुक्त कागदाचा आग्रह मात्र सरावासाठी सोडून द्यावा. तो कागद दशकानुदशके पिवळा पडू नये म्हणून असतो, आणि सरावाचे ताव इतकी वर्षे जपायचे नसतात. महिन्याच्या अखेरीला त्यातला एखादा तारीख घालून ठेवला तरी पुरे.

सरावाचा कागद आणि अंतिम कामाचा कागद यांच्यात अंतर राहणारच. ते एकदम ओलांडायला गेले की सवयीचा हातही गोंधळतो, कारण जलरंगाच्या कागदाचा गरम दाबाने गुळगुळीत केलेला प्रकारदेखील झेरॉक्सच्या कागदापेक्षा निराळी पकड घेतो, आणि शाई त्याच्यावर वेगळ्या वेळात वाळते. मोठा ताव आणला तर तो मापाला कापताना निघालेल्या पट्ट्या फेकू नयेत. काम ज्या शाईने आणि ज्या निबने करायचे, त्यांनीच त्या पट्ट्यांवर दोनचार ओळी लिहून घ्याव्यात. निब कुठे अडते, शिरोरेषा किती वेळ ओली राहते आणि पुढची ओळ तिच्यावर हात न टेकवता कशी घ्यायची, हे तिथेच ठरवून मग मूळ ताव समोर घ्यावा.